विश्लेषण : गेम कन्सोलने जिंकून दिलेली डिस्क आज कन्सोलमधूनच हद्दपार का होते आहे?

नवा गेम कन्सोल घ्यायला गेलेल्या ग्राहकापुढे हल्ली पहिला प्रश्न असतो, डिस्क ड्राइव्ह असलेला घ्यायचा की नसलेला? ‘डिस्क हवीच’ म्हणणारे आणि ‘आता सगळे डाउनलोडच’ म्हणणारे असे दोन तट समाजमाध्यमांवर रोज एकमेकांना भिडतात. कन्सोल आणि डिस्कवरून अशी जुंपण्याची ही पहिली वेळ नाही. २००६ ते २००८ या काळात सोनी आणि सहकाऱ्यांची ब्लू-रे व तोशिबाची एचडी डीव्हीडी यांच्यातील लढाईने गेमप्रेमींना असेच दोन गटांत विभागले होते. कोणत्या डिस्कचे चित्र अधिक चांगले, यावर त्या लढाईचा निकाल लागला नाही. तो फिरवण्यात सर्वांत मोठा वाटा होता एका गेम कन्सोलचा. ते कसे घडले आणि आजच्या खरेदीशी त्याचा काय संबंध, याचा हा आढावा.

नव्या डिस्कची गरज का भासली?

डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये जपानच्या बाजारात आली. तिच्या एका थरात ४.७ जीबी, तर दोन थरांत ८.५ जीबी माहिती मावत असे. जुन्या, जाडजूड टीव्हीसाठी एवढी क्षमता पुरेशी होती. पण २००० नंतर सपाट पडद्याचे एचडी टीव्ही येऊ लागले. त्यांच्या पूर्ण एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० बिंदू असतात, म्हणजे डीव्हीडीच्या चित्राच्या पाच ते सहापट. एवढी माहिती डीव्हीडीवर बसवणे कठीण होते.

डिस्कवरील माहिती सूक्ष्म खड्ड्यांच्या रूपात असते आणि ती लेझरने वाचली जाते. लेझरची तरंगलांबी जितकी कमी, तितके खड्डे लहान करता येतात. बारीक टोकाच्या पेनाने त्याच पानावर अधिक मजकूर बसावा, तसे हे गणित आहे. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर, तर डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर वापरला जातो. पुढची पायरी होती ४०५ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या लेझरची. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी निळ्या प्रकाशाच्या अर्धवाहकांवर केलेल्या कामामुळे तो शक्य झाला. निळ्या एलईडीच्या शोधासाठी नाकामुरा, इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. गंमत अशी की, ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी हाच निळा लेझर वापरला.

दोन्ही डिस्कमध्ये नेमका फरक काय होता?

दोन्ही तबकड्यांचा व्यास सारखाच, १२ सेंटीमीटर. खरा फरक माहितीचा थर पृष्ठभागापासून किती खोल आहे, यात होता. ब्लू-रेमध्ये तो अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो. त्यामुळे लेझर अधिक बारीक ठिपक्यावर एकवटतो आणि एका थरात २५ जीबी, दोन थरांत ५० जीबी माहिती बसते. एचडी डीव्हीडीत हा थर डीव्हीडीप्रमाणेच ०.६ मिलिमीटर खोल होता आणि तिची क्षमता होती अनुक्रमे १५ आणि ३० जीबी.

म्हणजे क्षमतेत ब्लू-रे सरस ठरली. पण तिचा थर पृष्ठभागाच्या इतका जवळ होता की, ओरखड्यांपासून वाचवण्यासाठी खास कडक लेप द्यावा लागे. शिवाय ती बनवण्यासाठी कारखान्यात नवी यंत्रसामग्री हवी होती. एचडी डीव्हीडी मात्र डीव्हीडीच्याच उत्पादन यंत्रणेत थोडेफार बदल करून काढता येत असे. त्यामुळे ती स्वस्त पडे. शिवाय तिच्यावर देशनिहाय कुलूप, म्हणजे ‘रीजन कोड’ नव्हता. ब्लू-रे चित्रपटांसाठी जग ए, बी आणि सी अशा तीन विभागांत वाटले गेले आणि भारत सी विभागात आला.

प्रत्यक्ष चित्राच्या बाबतीत दोघींत फारसे डावे-उजवे नव्हते. चित्र साठवण्याच्या पद्धती त्याच, कमाल दर्जा तोच आणि नक्कल रोखणारी मूळ कुलूपव्यवस्थाही तीच. एकच चित्रपट दोन्हींवर शेजारी शेजारी लावला, तर सामान्य प्रेक्षकाला फरक ओळखणे कठीण होते.

मग दोघांनी मिळून एकच मानक का ठरवले नाही?

प्रयत्न झाला होता. अशा लढाईची किंमत या उद्योगाने पूर्वी मोजली होती. सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स आणि जेव्हीसीने १९७६ मध्ये व्हीएचएस बाजारात आणली. बीटामॅक्सच्या सुरुवातीच्या कॅसेटवर एकच तास ध्वनिचित्रमुद्रण होई, व्हीएचएसवर दोन तास. संपूर्ण चित्रपट एका कॅसेटमध्ये मावणे ग्राहकाला महत्त्वाचे वाटले आणि सोनी हरली. डीव्हीडीच्या वेळीही सोनी-फिलिप्स एका बाजूला आणि तोशिबा-टाइम वॉर्नर दुसऱ्या बाजूला असे गट पडले होते. तेव्हा संगणक कंपन्यांनी दोघांवर दबाव आणला आणि १९९५ मध्ये तडजोड होऊन एकच डीव्हीडी जन्माला आली.

निळ्या लेझरच्या वेळी मात्र ही तडजोड फिसकटली. सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स, पायोनियर, सॅमसंग, एलजी यांच्यासह नऊ कंपन्यांनी फेब्रुवारी २००२ मध्ये ब्लू-रेची घोषणा केली. तोशिबा आणि एनईसी यांनी वेगळी चूल मांडली. २००५ मध्ये दोन्ही गटांत बोलणी झाली, पण थर ०.१ मिलिमीटरवर ठेवायचा की ०.६ वर, या मूळ मुद्द्यावरच गाडी अडली. ज्याचे तंत्र मानक ठरेल, त्याला प्रत्येक डिस्क आणि प्रत्येक प्लेअरमागे पेटंटचे शुल्क मिळत राहणार होते. त्यामुळे माघार कुणालाच परवडणारी नव्हती.

कोण कोणत्या गोटात होते?

डिस्क कितीही चांगली असली, तरी तिच्यावर चित्रपट कोण देणार हा कळीचा प्रश्न होता. सोनीचा स्वतःचाच स्टुडिओ होता. शिवाय डिस्ने, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स आणि लायन्सगेट हे ब्लू-रेच्या बाजूने होते. युनिव्हर्सल फक्त एचडी डीव्हीडीसोबत राहिला. वॉर्नर आणि पॅरामाउंट यांनी सुरुवातीला दोन्ही दगडांवर पाय ठेवला. संगणक क्षेत्रात मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल एचडी डीव्हीडीकडे झुकले, तर ॲपल आणि डेल ब्लू-रेकडे.

ग्राहकाची यात कोंडी झाली. डिस्नेचे चित्रपट हवे असतील तर एक प्लेअर, युनिव्हर्सलचे हवे असतील तर दुसरा. त्यातच किमतींत मोठी तफावत होती. एप्रिल २००६ मध्ये अमेरिकेत आलेला तोशिबाचा पहिला प्लेअर ४९९ डॉलरला होता. दोन महिन्यांनी आलेला सॅमसंगचा ब्लू-रे प्लेअर जवळपास हजार डॉलरचा. बहुतेकांनी शहाणपणाचा मार्ग निवडला. जुन्या डीव्हीडीवरच भागवायचे आणि निकालाची वाट पाहायची. लोक प्लेअर घेत नव्हते म्हणून डिस्क खपत नव्हत्या आणि डिस्क कमी म्हणून प्लेअरला मागणी नव्हती.

गेम कन्सोल या लढाईत कसे उतरले?

ही कोंडी फोडण्याचा एक अनुभव सोनीच्या गाठीशी होता. मार्च २००० मध्ये जपानमध्ये आलेल्या प्लेस्टेशन २ वर गेमसोबत डीव्हीडी चित्रपटही पाहता येत. अनेक घरांत पहिला डीव्हीडी प्लेअर गेम कन्सोलच्या रूपाने आला. पुढे या कन्सोलची विक्री १५ कोटींच्या पलीकडे गेली. हाच डाव सोनीने पुन्हा टाकला. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या प्रत्येक प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे ड्राइव्ह होता, ग्राहकाला तो हवा असो वा नसो.

या डावाची किंमत मोठी होती. अमेरिकेत कन्सोलच्या दोन आवृत्त्यांची किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर होती. तेव्हा निन्टेण्डोचा वी २४९ डॉलरला मिळत होता. एवढी किंमत लावूनही सोनीला प्रत्येक कन्सोलमागे तोटा होत होता. आयसप्लाय या संशोधन संस्थेने सुटे भाग मोजून काढलेला उत्पादनखर्च ८०० डॉलरहून अधिक भरला. निळ्या लेझरच्या भागांचा तुटवडा पडल्याने युरोपातील आगमन मार्च २००७ पर्यंत लांबले. मार्च २००७ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाचा तोटा सुमारे २३,२०० कोटी येनवर गेला.

मायक्रोसॉफ्टने उलटा विचार केला. नोव्हेंबर २००५ मध्येच आलेल्या एक्सबॉक्स ३६० मध्ये साधा डीव्हीडी ड्राइव्ह होता आणि किंमत होती २९९ व ३९९ डॉलर. एचडी डीव्हीडी हवी असणाऱ्यांसाठी वर्षभराने १९९ डॉलरचा वेगळा ड्राइव्ह आला. पण तो फक्त चित्रपटांसाठी होता. गेम शेवटपर्यंत डीव्हीडीवरच राहिले. म्हणजे ग्राहकाने मुद्दाम पदरचे पैसे घातले, तरच एचडी डीव्हीडी त्याच्या घरात येणार होती. या एका फरकाने पुढची बाजी फिरवली.

चाहते एवढ्या हिरिरीने का भांडत होते?

कारण त्यांचे पैसे त्यात अडकले होते. अर्थशास्त्रात याला ‘नेटवर्क परिणाम’ म्हणतात. एखादी वस्तू जितके अधिक लोक वापरतात, तितकी ती प्रत्येक वापरकर्त्यासाठी उपयोगी ठरते. ५९९ डॉलर मोजून प्लेस्टेशन ३ घेतलेल्याला इतरांनीही तोच घ्यावा असे वाटणे स्वाभाविक होते. त्याची बाजू जिंकली तर त्याला अधिक चित्रपट आणि अधिक गेम मिळणार होते. हरली तर घरात पडून राहणारा डबा. त्यामुळे इंटरनेटवरचा प्रत्येक वाद हा काही अंशी स्वतःच्या खरेदीचा बचाव होता.

दोन्ही बाजूंच्या मुद्द्यांत तथ्यही होते. एक्सबॉक्सचे समर्थक म्हणत, गेमसाठी एवढ्या मोठ्या डिस्कची गरज काय? प्लेस्टेशन ३ चा ब्लू-रे ड्राइव्ह सेकंदाला सुमारे ९ एमबी एवढ्याच वेगाने वाचे, तर एक्सबॉक्सचा डीव्हीडी ड्राइव्ह त्याहून वेगवान होता. परिणामी प्लेस्टेशन ३ वरील अनेक गेम आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे लागत. उलट प्लेस्टेशनचे समर्थक क्षमतेकडे बोट दाखवत. पुढे ‘फायनल फँटसी १३’ हा गेम प्लेस्टेशनवर एका ब्लू-रे डिस्कमध्ये आला, पण एक्सबॉक्सवर त्यासाठी तीन डीव्हीडी लागल्या. ‘लॉस्ट ओडिसी’च्या चार डीव्हीडी बदलता बदलता खेळाडू कंटाळत. वाद घालणारे दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. निकाल मात्र या दोन्ही मुद्द्यांवर लागणार नव्हता.

निकाल कसा लागला?

नुसत्या प्लेअरच्या विक्रीत अमेरिकेत एचडी डीव्हीडी अनेक महिने पुढे होती. तोशिबाने किंमत सतत खाली आणली. नोव्हेंबर २००७ मध्ये तर वॉलमार्टने तिचा एक प्लेअर ९८.८७ डॉलरला विकला. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन यांनी ब्लू-रे सोडून फक्त एचडी डीव्हीडीची कास धरली. त्यासाठी त्यांना सुमारे १५ कोटी डॉलरचे प्रोत्साहन मिळाल्याचे वृत्त अमेरिकी वृत्तपत्रांत आले.

पण दुसरीकडे २००७ अखेर जगभरात सुमारे एक कोटी प्लेस्टेशन ३ पोहोचले होते. त्यांतील प्रत्येक मालक चित्रपट पाहत नसला, तरी त्याच्या घरात ब्लू-रे प्लेअर होता. डिस्कच्या विक्रीत त्याचे प्रतिबिंब पडले. २००७ मध्ये अमेरिकेत ब्लू-रे चित्रपट एचडी डीव्हीडीच्या जवळपास दुप्पट विकले गेले. जून २००७ मध्ये ब्लॉकबस्टर या भाड्याने चित्रपट देणाऱ्या साखळीने आपल्या बहुतेक दुकानांत फक्त ब्लू-रे ठेवण्याचे ठरवले.

निर्णायक घाव ४ जानेवारी २००८ रोजी बसला. लास व्हेगासमधील मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनाच्या तोंडावर वॉर्नरने यापुढे फक्त ब्लू-रे काढणार असल्याचे जाहीर केले. एचडी डीव्हीडी गटाला प्रदर्शनातील आपली पत्रकार परिषदच रद्द करावी लागली. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि वॉलमार्ट यांनी पाठोपाठ ब्लू-रेची निवड केली. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद करत असल्याची घोषणा केली. पहिला प्लेअर बाजारात येऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती.

हरलेल्या बाजूच्या ग्राहकांचे काय झाले?

त्यांच्या हाती असलेले प्लेअर चालत राहिले, घेतलेल्या डिस्कही चालत राहिल्या. फक्त नवे चित्रपट येणे थांबले. बेस्ट बायने आपल्याकडून एचडी डीव्हीडी प्लेअर घेतलेल्यांना ५० डॉलरचे गिफ्ट कार्ड दिले. तोशिबा स्वतः २००९ मध्ये ब्लू-रे संघटनेत सामील झाली आणि ब्लू-रे प्लेअर विकू लागली. कंपनीने बाजू बदलली, ग्राहकाचे कपाट मात्र तसेच राहिले.

तरीही यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हरलेल्या डिस्कवरचा चित्रपट कोणी परत नेला नाही. आजही एखाद्याकडे चालू प्लेअर आणि धड डिस्क असेल, तर तो २००७ मध्ये घेतलेला चित्रपट पाहू शकतो. त्यासाठी तोशिबाच्या कोणत्याही सर्व्हरची परवानगी लागत नाही. त्या काळी ही बाब इतकी गृहीत धरलेली होती की, दोन्ही बाजूंच्या वादात तिचा मुद्दाही क्वचितच आला.

सोनीचा विजय कितपत टिकला?

चित्रपटांच्या डिस्कपुरता तो पूर्ण होता. २०१३ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स वनमध्ये मायक्रोसॉफ्टनेही ब्लू-रे ड्राइव्हच बसवला. पण कन्सोलच्या स्पर्धेत सोनीला या डावाचा भुर्दंड पडला. प्लेस्टेशन २ च्या निर्विवाद वर्चस्वानंतर प्लेस्टेशन ३ ची एकूण विक्री सुमारे ८.७ कोटींवर थांबली. एक्सबॉक्स ३६० ही साधारण ८.४ कोटींवर पोहोचला. या पिढीत सर्वाधिक, १० कोटींहून अधिक विकला गेला तो वी. त्यावर एचडी चित्रही दिसत नव्हते आणि डीव्हीडी चित्रपटही चालत नव्हते.

दरम्यान तिसरा स्पर्धक दबक्या पावलांनी आला होता. टपालाने डीव्हीडी पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने जानेवारी २००७ मध्ये, म्हणजे डिस्कयुद्ध ऐन भरात असताना, इंटरनेटवरून थेट चित्रपट दाखवायला सुरुवात केली. पुढे याच स्ट्रीमिंगने डिस्कचा बाजार खाल्ला. नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये टपालाने डिस्क पाठवणे थांबवले. २०२४ मध्ये बेस्ट बायने चित्रपटांच्या डिस्क विकणे बंद केले. कोऱ्या, घरी मुद्रण करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन तर खुद्द सोनीनेच फेब्रुवारी २०२५ मध्ये संपवले.

भारतात या लढाईचे पडसाद का उमटले नाहीत?

प्लेस्टेशन ३ भारतात एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना आला. एक्सबॉक्स ३६० त्याआधी, सप्टेंबर २००६ मध्ये, बऱ्याच कमी किमतीत दाखल झाला होता. पण दोन्ही मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्याबाहेर होते आणि एचडी टीव्हीही मोजक्याच घरांत होते. आपल्याकडे त्या काळी राज्य होते व्हिडीओ सीडीचे. एका व्हीसीडीवर जेमतेम ७४ मिनिटांचे चित्र बसे. त्यामुळे चित्रपट दोन किंवा तीन डिस्कमध्ये मिळे आणि मध्यंतराच्या सुमारास डिस्क बदलावी लागे. मराठी नाटके, चित्रपट, कीर्तने अनेक घरांत पोहोचली ती याच रूपात.

त्यातच २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली. ज्या बाजारात अख्खा चित्रपट ३४ रुपयांना मिळतो, तिथे महागड्या ब्लू-रेला गिऱ्हाईक मिळणे अवघडच. पुढे २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि बहुतांश भारतीय प्रेक्षक व्हीसीडी-डीव्हीडीवरून थेट मोबाइलच्या पडद्यावर आला. मधली ब्लू-रेची पायरी त्याने चढलीच नाही. मोझर बेअरही टिकली नाही. २०१८ मध्ये ती अवसायनात काढण्याचा आदेश राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दिला.

आजचा ‘डिस्क की डाउनलोड’ वाद वेगळा कसा?

तेव्हा वाद दोन डिस्कमधला होता, आता डिस्क असावी की नसावी हाच प्रश्न आहे. त्याची चुणूक २०१३ मध्ये दिसली. डिस्कवर घेतलेल्या गेमसाठीही कन्सोल २४ तासांतून एकदा इंटरनेटला जोडावा लागेल आणि जुने गेम विकण्यावर, उसने देण्यावर बंधने असतील, असे मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनबाबत सांगितले. सोनीने लगेच काही सेकंदांची चित्रफीत काढून खिल्ली उडवली. तिच्यात एक जण दुसऱ्याच्या हातात गेमची डिस्क देतो आणि गेम उसना देण्याची कृती तिथेच संपते. ग्राहकांच्या रोषापुढे मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच हे धोरण मागे घेतले.

पण दिशा बदलली नाही. २०१९ मध्ये डिस्कविना एक्सबॉक्स वन एस आला. २०२० मध्ये एक्सबॉक्स सीरिज एस आणि प्लेस्टेशन ५ ची डिजिटल आवृत्ती आली. ज्या सोनीने ब्लू-रेसाठी हजारो कोटी येनचा तोटा सोसला, तिच्याच २०२४ च्या महागड्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये ड्राइव्ह नाही. हवा असल्यास तो वेगळा विकत घ्यावा लागतो. २००६ मध्ये एक्सबॉक्सवर एचडी डीव्हीडीची जी गत होती, तीच आज ब्लू-रेच्या वाट्याला येते आहे.

डाउनलोडमध्ये सोय आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘खरेदी करा’ या बटणामागे बहुधा मालकी नसते, वापराचा परवाना असतो. डिसेंबर २०२३ मध्ये, प्लेस्टेशनवर विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम ग्राहकांच्या खात्यातून काढले जातील, असे सोनीने कळवले. ओरड झाल्यावर आणि करार वाढल्यावर तो निर्णय टळला. एक्सबॉक्स ३६० चे ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झाले. तिथून आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवता येतात, नवे विकत घेता येत नाहीत. कॅलिफोर्नियात तर जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू झाला आहे. ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल, तर विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा नाही.

मग डिस्क घेतली की ग्राहक सुरक्षित झाला का?

पूर्णपणे नाही. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४ चा मोटारशर्यतीचा गेम डिस्कवरही मिळत होता. पण तो कायम सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि डिस्क असलेल्यांचाही गेम संपला. यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय संघातील तिच्या मागणीपत्रावर २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. निन्टेण्डो स्विच २ च्या काही गेमच्या कार्डात संपूर्ण गेम नसतो, फक्त तो डाउनलोड करण्याची किल्ली असते. म्हणजे हातात वस्तू आहे एवढ्याने भागत नाही. त्या वस्तूत नेमके काय आहे, हे पाहावे लागते.

ग्राहकाने काय लक्षात घ्यावे?

पहिले, डिस्क ड्राइव्हसाठी मोजावी लागणारी जादा रक्कम. २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आला, तेव्हा डिस्कसह ४९,९९० आणि डिस्कविना ३९,९९० रुपये अशी किंमत होती. दहा हजारांची ही बचत खरी आहे का, हे तुम्ही वर्षाला किती गेम घेता, ते जुने झाल्यावर विकता का, मित्रांशी अदलाबदल करता का, यावर ठरते. डिस्कचा गेम पुन्हा विकता येतो, डाउनलोडचा विकता येत नाही. डिस्क नसेल तर कन्सोलसाठी दुकान एकच उरते, कंपनीचे. तिथली किंमत परवडत नसेल, तर सवलतीची वाट पाहण्यापलीकडे फारसा पर्याय नसतो.

दुसरे, डिस्क घेतली म्हणून जागा वाचत नाही. आजचे गेम डिस्कवरूनही कन्सोलच्या साठवणीत उतरवूनच चालतात. पहिल्या प्लेस्टेशन ५ मध्ये वापरासाठी ६६७ जीबी जागा मिळे आणि काही मोठे गेम शंभर जीबीच्याही पुढे जातात. इंटरनेट संथ किंवा मर्यादित असेल, तर डिस्कमुळे डाउनलोडचा बराच भार हलका होतो. घरात वेगवान ब्रॉडबँड असेल, तर हा फरक जाणवणार नाही. तिसरे, गेम इंटरनेटविना चालतो का, हे वेष्टनावर किंवा दुकानाच्या पानावर वाचून घ्यावे.

एचडी डीव्हीडी घेतलेल्यांचा अंदाज चुकला, पण घेतलेली वस्तू त्यांच्याकडेच राहिली. आजच्या खरेदीत अंदाज बरोबर ठरला, तरी वस्तू आपल्याकडे राहीलच याची हमी नाही. पैसे मोजण्यापूर्वी तपासायचे ते एवढेच.